बाहुली खेळण्यासाठी, की होण्यासाठी?

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात 'बाहुल्यांचा नाच' बसवावयाचे ठरले आणि ते काम मजकडे आले. पाचवी-सहावीच्या वर्गांतून आठ मुली निवडावयाच्या होत्या. झालरींचे झगे, केसांना गुलाबी फिती, गालांवर लाली, हे सारे मी मनात आधीच ठरवून टाकले होते. आणि त्याबरोबर आणखीही काही ठरून गेले होते, ज्याची मला त्या वेळी जाणीव नव्हती. निवड झाली, मुली पांगल्या. एक मुलगी मात्र दाराशी घुटमळत राहिली. तिचा ताल पक्का, पाऊल हलके. नवरात्रात भोंडल्याचा फेर धरावा तर तिनेच. तिने हळूच विचारले, "बाई, बाहुली काळी नसते का?"

प्रश्नात तक्रार नव्हती आणि रागही नव्हता. जणू भूगोलातली एखादी शंका विचारावी, तशा सरळपणे तिने ते विचारले. मी "पुढच्या वर्षी तुला घेऊ" असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर मात्र आठ नावांची यादी पुन्हा डोळ्यांखालून घातली. आठही मुली गोऱ्या, आठही सडपातळ. आपण नाच पाहून निवड केली, असा माझा समज होता. वस्तुतः मी कातडीचा रंग आणि अंगाचा बांधा पाहिला होता. माझ्या मनात बाहुलीचे एक माप पक्के बसले होते आणि जिवंत मुली मी त्या मापास लावून पाहत होते. शिक्षिकेने असे करावे ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आणि ती येथे लिहिण्याचे कारण एवढेच की, असे माप एकट्या माझ्याच मनात असेल, असे मला वाटत नाही.

ते माप आले कोठून, याचा मी विचार करू लागले. माझे बालपण गोव्यात गेले. आमच्या कोकणीत बाहुलीला 'बावली' म्हणतात. माझी पहिली बावली आजीने जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची केली होती. पोटात सावरीचा कापूस, केस काळ्या दोऱ्याचे, डोळे काजळाचे. आठवडाभरात डोळे पुसून जात, मग मी ते पुन्हा काढी. त्यामुळे ती कधी हसरी असे, कधी रुसलेली. पुढे आखाती देशात नोकरीस असलेल्या एका नातलगांनी मला परदेशी बाहुली आणली. सोनेरी केस, निळे डोळे, लांबच लांब पाय, मुठीत मावेल एवढी कंबर. घरात तिचे फार कौतुक झाले आणि लगेच ती काचेच्या कपाटात गेली. "हात लावू नकोस, खराब होईल," अशी ताकीद मिळाली. चिंध्यांची बावली माझ्याबरोबर नदीवर येई, झाडावर चढे, तापात माझ्या उशाशी निजे. काचेआडची बाहुली केवळ पाहावयाची होती. वर्षानुवर्षे मी तिच्याकडे पाहत राहिले, आणि मग आरशात पाहू लागले.

ती बाहुली म्हणजे बार्बी. आज राजगढच्या बाजारात आणि मोहनखेड्याच्या यात्रेच्या दिवसांत मांडल्या जाणाऱ्या खेळण्यांत तिच्या स्वस्त नकला सर्रास दिसतात. तेव्हा तिची थोडी कुळकथा आपल्या वाचकांस माहीत असावी. अमेरिकेत मॅटेल नावाची खेळण्यांची कंपनी आहे. तिच्या संस्थापकांपैकी रूथ हॅन्डलर या बाईंनी पाहिले की, आपली मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांशी खेळताना त्यांना मोठ्या बायकांच्या भूमिका देते. त्या काळी बाजारात मिळणाऱ्या बाहुल्या बहुधा तान्ह्या बाळांच्या असत. मुलीने आई व्हावे, एवढाच खेळ. मुलीला आपल्या भावी आयुष्याची कल्पना करता यावी म्हणून मोठ्या स्त्रीची बाहुली हवी, असे या बाईंच्या मनाने घेतले. तिचा नमुना मात्र त्यांनी 'लिली' नावाच्या एका जर्मन बाहुलीवरून उचलला, आणि ती लिली मूळची वर्तमानपत्रातील एका चित्रमालिकेतील नटवी तरुणी होती. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात बार्बी प्रथम जगापुढे आली.

म्हणजे हेतू पाहिला तर तो वाईट नव्हता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १९६५ मध्ये, मनुष्याने चंद्रावर पाऊल ठेवण्याच्या चार वर्षे आधी, या बाहुलीने अंतराळवीराचा पोशाख चढविला. पुढे ती डॉक्टर झाली, वैमानिक झाली. परंतु त्याच १९६५ साली तिचा आणखी एक संच निघाला. त्यात रात्रीचा पोशाख, एक छोटासा वजनकाटा आणि वजन कमी करण्याचे एक चिमुकले पुस्तक होते. काटा ११० पौंडांवर, म्हणजे सुमारे ५० किलोंवर, कायमचा खिळविलेला. आणि पुस्तकातला उपदेश काय, तर खाऊच नये! १९९२ मध्ये बोलणारी बार्बी निघाली. तिच्या तोंडी घातलेल्या वाक्यांत गणिताचा तास अवघड असतो, अशा अर्थाचे एक वाक्य होते. लोकांनी ओरड केल्यावर ते काढून टाकण्यात आले. २०१६ मध्ये उंच, ठेंगण्या आणि भरलेल्या अंगाच्या बार्बी निघाल्या. २०१८ मध्ये तर कॅथरिन जॉन्सन या कृष्णवर्णीय गणितज्ञ स्त्रीची बाहुली त्याच कंपनीने काढली. गणिताचा कंटाळा करणारी बाहुली आणि गणितज्ञ बाहुली या एकाच कारखान्यातल्या. मध्ये अंतर सव्वीस वर्षांचे. हा बदल आपोआप झाला नाही. आयांनी, शिक्षकांनी आणि वृत्तपत्रांनी प्रश्न विचारले म्हणून झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

"अहो, खेळणेच ते! एवढा विचार कशाला?" असे कित्येक पालक म्हणतात. त्यांच्यासाठी दोन प्रयोगांची हकीकत सांगते. २००६ मध्ये इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञांनी पाच ते आठ वर्षांच्या १६२ मुलींना चित्रांची पुस्तके दाखविली. काहींच्या पुस्तकात बार्बी होती, काहींच्या पुस्तकात भरल्या अंगाची दुसरी एक बाहुली आणि काहींच्या पुस्तकात बाहुलीच नव्हती. ज्यांनी बार्बीची चित्रे पाहिली, त्या लहान मुलींना आपले शरीर कमी आवडू लागले आणि आपण आणखी बारीक असावे असे त्यांना वाटू लागले. त्यांतील सर्वांत मोठ्या मुलींवर हा परिणाम दिसला नाही. म्हणजे वय जितके कोवळे, तितका ठसा अधिक. दुसरा प्रयोग अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चार ते सात वर्षांच्या ३७ मुलींना थोडा वेळ खेळावयास देऊन मग विचारले की, मोठेपणी तू कोणकोणती कामे करू शकशील आणि मुलगे कोणकोणती करू शकतील? बार्बीशी खेळलेल्या मुलींनी स्वतःला मुलग्यांपेक्षा कमी कामे दिली. बटाट्याच्या आकाराच्या बेढब बाहुलीशी खेळलेल्या मुलींच्या उत्तरांत तेवढा फरक नव्हता. आणि गंमत अशी की, बार्बीच्या अंगात डॉक्टरचा कोट घातला तरी उत्तर पालटले नाही! हे प्रयोग लहान आहेत. त्यांवरून जगाचा नियम बांधू नये. परंतु कोट बदलला तरी बाहुली बदलत नाही, ही गोष्ट विचार करावयास लावणारी खास आहे.

आपल्याकडे या प्रश्नास आणखी एक धार आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, आपल्या देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. आमच्या वर्गांत दुपारच्या सुट्टीत डबा न उघडता परत नेणाऱ्या मुली मी पाहते. "जाडी होईन, बाई," हे त्यांचे उत्तर. चौथ्या तासाला त्यांपैकीच एखादीला भोवळ येते. ज्या देशात निम्म्याहून अधिक मुलींचे रक्त फिके आहे, तेथे मुठीएवढ्या कमरेचा आदर्श मुलींपुढे ठेवणे हा शौक नव्हे, अपराध आहे.

येथवर वाचून एखादे आजोबा मान डोलावून म्हणतील, "तरी आम्ही सांगत होतो! आपली भातुकली बरी, आपली लाकडाची ठकी बरी." आजोबांविषयी पूर्ण आदर ठेवून मला म्हणावेसे वाटते की, आपले घरही अगदीच निर्दोष नाही. भातुकलीत मुलीला चूलबोळकी मिळाली आणि तिने खोटा स्वयंपाक केला, ठीक. पण बाहुलीच्या आयुष्यात घडणारी एकमेव मोठी घटना कोणती? तिचे लग्न! आमच्या माळव्यात अक्षय्य तृतीयेला गुड्डा-गुड्डीचे लग्न थाटाने लावतात. वरात निघते, वाजंत्री वाजते, आणि घरातील मोठी माणसेही हौसेने जेवणावळीस बसतात. चित्र मोठे गोड असते. परंतु त्याच अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर खऱ्या लहान मुलींचीही लग्ने लागत आली आहेत. शारदा कायदा १९२९ साली झाला. आज मुलीच्या विवाहाचे किमान वय अठरा आहे. तरीही त्याच पाहणीनुसार देशातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २३ टक्के स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाच्या आत झालेली होती. बार्बीने मुलीला 'दिसण्या'त अडकविले म्हणून तिला दोष द्यावा, तर आपल्या बाहुलीने मुलीला 'देण्या'त अडकविले, हेही कबूल करावे लागते.

गोरेपणाचे वेडही बार्बीने आणलेले नाही. ती येथे येण्यापूर्वीच वधूवरांच्या जाहिरातींत 'गोरी, सडपातळ' हे शब्द ठाण मांडून बसले होते. अमेरिकेत १९४० च्या दशकात केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांपुढे एकसारख्या बाहुल्या ठेवल्या. फरक केवळ रंगाचा. चांगली बाहुली कोणती, असे विचारता बहुसंख्य काळ्या मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखविले. पुढे १९५४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, तेव्हा निकालपत्रात या संशोधनाचा उल्लेख होता. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न ऐकला तेव्हा मला हा प्रयोग आठवला नाही. यादी वाचून झाल्यावर आठवला, आणि रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

मग मुलींनी बाहुल्या टाकून द्याव्यात काय? मुळीच नाही. बाहुली टाकणारे बालपण मला नको आहे. माझे म्हणणे निराळे आहे. बाहुली मुलीने घडवावी. बाहुलीने मुलीला घडवू नये.

याचा दाखला आपल्या अंगणातच आहे. श्राद्धपक्षात माळव्यातील मुली भिंतीवर शेणाने 'संजा' काढतात. रोज नवी आकृती, वर फुलांच्या पाकळ्या, संध्याकाळी गाणी आणि प्रसाद. सोळा दिवसांनी संजा पाण्यात सोडून देतात. संजा कशी असावी, हे कोणता कारखाना ठरवीत नाही. मुलीची बोटे ठरवितात. राजगढहून पश्चिमेस गेले की झाबुआ लागते. तेथील कापडाच्या बाहुल्या आता सर्वत्र नावाजलेल्या आहेत; त्या कलेसाठी रमेश परमार आणि शांती परमार या दांपत्यास २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या बाहुल्या नीट पाहा. भिल्ल पुरुषाच्या हाती तीरकामठा असतो, स्त्रीच्या डोक्यावर टोपली असते. तिच्या अंगावर दागिने आहेत, लुगड्याला रंग आहे, नटण्याची तिला हौस आहे. परंतु ती कोठेतरी निघालेली आहे आणि तिला काही काम आहे. तिचा रंगही आमच्या बाजारात दर आठवड्यास दिसणाऱ्या बायामाणसांचाच आहे. "बाहुली काळी नसते का?" या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात तयार होते, मला मात्र ते सुचले नाही.

आता आदर्शाविषयी. ज्याच्यासारखे 'दिसावे' असे वाटते, तो आदर्श नव्हे. ज्याच्यासारखे 'वागावे' असे वाटते, तो आदर्श. सर जॉन माल्कम याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात एक आख्यायिका नोंदविली आहे. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई, ज्यांच्या पोटी १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, त्यांना अहिल्याबाई होळकरांच्या कीर्तीचा हेवा वाटे. अहिल्याबाई दिसावयास कशा आहेत, हे पाहून येण्यास त्यांनी आपल्या एका दासीस पाठविले. दासीने परत येऊन सांगितले की, त्या रूपाने सुंदर नाहीत, परंतु त्यांच्या चेहऱ्यावर दिव्य तेज आहे. आनंदीबाईंनी त्यातले पहिलेच तेवढे ऐकले; सुंदर नाहीत ना, मग झाले, असे म्हणून त्यांनी समाधान मानून घेतले!

विद्यार्थिनींनो, या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत, जवळजवळ अठ्ठावीस वर्षे राज्य केले. महेश्वरास घाट बांधले, विणकरांना आश्रय दिला. तेथले माग आजही चालू आहेत आणि आपल्या कितीतरी घरांत महेश्वरी साडी आहे. आणि आनंदीबाईंना त्यांच्याविषयी जाणून काय घ्यावयाचे होते, तर नाकडोळे! राज्य करणाऱ्या स्त्रीलाही दुसऱ्या स्त्रीने रूपाच्याच काट्यावर तोलले. तो काटा बार्बीच्या आधी दोनशे वर्षे आपल्याकडे होता. माझ्याही हाती तोच काटा होता, आणि म्हणून या गोष्टीतली आनंदीबाई मला परकी वाटत नाही.

आपल्या धारचे आणखी एक उदाहरण. १८०७ मध्ये आनंदराव पवार निवर्तले, तेव्हा त्यांच्या पत्नी मीनाबाई गरोदर होत्या. बाहेर शिंदे-होळकरांच्या फौजा, आत फितुरी. अशा दिवसांत त्यांनी मांडूस जाऊन पुत्रास जन्म दिला, धारचा किल्ला राखला. तो पुत्र बालपणीच गेला तेव्हा दत्तक घेऊन गादी चालविली. आणि १८१९ च्या तहापर्यंत राज्याचे नाव पुसू दिले नाही. त्यांचा रंग गोरा होता की सावळा, याची आज कोणालाही पर्वा नाही, आणि हेच योग्य आहे.

पालकांना माझी विनंती एवढीच. मुलीने हट्ट धरला तर फॅशनची बाहुली घेऊन देण्यास माझी हरकत नाही. मात्र ती काचेच्या कपाटात ठेवू नका. तिला मातीत जाऊ द्या, तिचे केस कापू द्या. मुलीला "अगदी बाहुलीसारखी दिसतेस हं!" असे म्हणण्याचा मोह आवरा, त्या कौतुकात शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलीचा अपमान दडलेला असतो. मुलीच्या देखत "मी किती सुटले!" असे आयांनी म्हणू नये; मुली आपले ऐकतात. आणि बाहुली मुलग्याच्याही हाती द्या. ज्याने लहानपणी बाहुलीला निजविले आहे, त्याला मोठेपणी स्वतःच्या बाळाला निजविण्याची लाज वाटणार नाही.

यंदा हस्तव्यवसायाच्या तासांना आम्ही पाचवीच्या मुलामुलींकडून कापडी बाहुल्या करून घेतल्या. अट एकच: आपल्या ओळखीच्या, काम करणाऱ्या माणसाची बाहुली करावयाची. चहाची किटली घेतलेले काका आले, दवाखान्यातल्या परिचारिका आल्या, पाटीभर भाजी घेतलेली आजी आली. एकाने चष्मा लावलेल्या, हातात खडू धरलेल्या बाई केल्या. त्यांची कंबर बरीच मोठी होती आणि त्या रागावलेल्या दिसत होत्या! मला ती बाहुली फार आवडली.

संमेलनात नाचही पुन्हा बसविला. या वेळी जी येईल तिला घेतले. गतवर्षी दाराशी उभी राहिलेली ती मुलगी आता सहावीत आहे. मी आपण होऊन तिच्याकडे गेले, गतवर्षीची चूक कबूल केली आणि नाचात येण्यास सांगितले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बाई, मला बाहुली नाही व्हायचं. मी ढोलकी वाजवू?"

तिने ढोलकी वाजविली. बाहुल्या तिच्या तालावर नाचल्या.